आइसलँडचा रिंग रोड, कॅम्परव्हॅन आणि वारा

आइसलँडला वेढा घालणारा एक नंबरचा रस्ता, म्हणजे रिंग रोड, 1322 किलोमीटरचा आहे. समृद्धी महामार्गाने नागपूरहून मुंबईला जाऊन परत यावं, त्याहून थोडा कमीच. नकाशावर बघून माणूस म्हणतो, चार दिवसांत उरकेल. आम्ही दोघांनी जूनअखेरीस 11 रात्री घेतल्या आणि आडवाटांसकट जवळपास 2100 किलोमीटर केले. जास्तीचे दिवस धबधब्यांसाठी कमी आणि वाऱ्यासाठी जास्त लागले. कॅम्परव्हॅन ही चाकांवरची उंच, सपाट भिंत असते. त्यामुळे आज किती पल्ला मारायचा हे अंतरावरून ठरत नाही, वाऱ्यावरून ठरतं.

तिथला हवामान विभाग वारा सेकंदाला किती मीटर यात सांगतो. आपल्या डोक्यात ताशी किलोमीटर असतात, म्हणून आकड्याला 3.6 ने गुणायचं. 10 म्हणजे 36, 15 म्हणजे 54, 20 म्हणजे 72. आमचा नियम असा होता: सरासरी वारा 15 च्या वर असेल तर उंच टपाची मोठी व्हॅन हलवायची नाही. रेनॉच्या कांगूसारखी बुटकी गाडी असेल तर 18 पर्यंत जपून, 20 ला गाडी उभीच. सरासरीपेक्षा झोत महत्त्वाचा. डोंगराच्या पायथ्याशी झोत सरासरीच्या दीडपट-दुप्पट येतो. एइयाफ्यात्लायोकुलच्या पायथ्याचा पट्टा, स्काफ्ताफेलच्या पुढचा ओराइफीचा भाग, आग्नेयेचं ह्वाल्नेसचं टोक आणि रेक्याविकजवळचं क्यालार्नेस ही चार ठिकाणं पाठच करून ठेवावीत. अशा जागांच्या अलीकडे रस्त्याकडेला विजेचा फलक असतो. त्यावर तापमान, वारा आणि झोत असे आकडे दिसतात. सकाळी मोबाइलवर पाहिलेल्या अंदाजापेक्षा हा फलक खरा मानायचा.

अंदाज वेदुर डॉट आयएसवर आणि रस्त्यांची स्थिती उमफेर्दिन डॉट आयएसवर. सकाळी निघताना, दुपारी जेवताना आणि झोपण्यापूर्वी, असं दिवसातून तीनदा बघायचं. पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे असतात. पिवळ्याला स्थानिक लोक गाडी काढतात, पण ते जड जीपमधून जातात. आपण भाड्याच्या डब्यातून जातोय हे विसरू नये.

घड्याळाच्या दिशेने जायचं की उलट, हे घरून ठरवून जाऊ नका. बहुतेक जण दक्षिणेकडून सुरू करतात, कारण सेल्यालान्ड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे, योकुल्सारलोनचं हिमनगांचं सरोवर, ही नावं तिकडची. पण दक्षिणेत तीन दिवस वादळी पाऊस आणि उत्तरेत कोरडं ऊन, असं सर्रास होतं. व्हॅन ताब्यात घेतल्यावर पुढच्या चार दिवसांचा अंदाज बघून दिशा ठरवावी. कॅम्पसाइटची जागा बहुतेक ठिकाणी आधी राखून ठेवावी लागत नाही, त्यामुळे हे जमतं. व्हिसाच्या अर्जासाठी मात्र दिवसनिहाय तक्ता लागतो. तो प्रामाणिकपणे करावा, पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचं हॉटेल आरक्षण आणि व्हॅनचं आरक्षण सोबत लावावं. व्हिसा शेंगेन. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा.

ड्रायव्हिंग लायसन्सवर रोमन लिपीतला मजकूर असला की भागतं, तरीही आरटीओकडून फॉर्म 4-अ भरून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन जावा. काउंटरवरच्या माणसाशी वाद घालण्यात पहिली सकाळ जात नाही. दोघांचीही नावं चालक म्हणून घालावीत. एकाच माणसाने वाऱ्यात चार तास स्टिअरिंग धरलं की खांदे भरून येतात आणि मग तो चुका करतो.

आता व्हॅन ताब्यात घेणं. इथे घाई करायची नाही, 40 मिनिटं सरळ धरून चालायचं. गाडीभोवती एक सलग व्हिडिओ काढा. समोरच्या काचेवरचे खडे लागल्याचे टिपके, बंपरची खालची कड, टायरच्या आतल्या बाजू, आणि दारांच्या बिजागऱ्या. बिजागरी बघायची कशी, तर दार पूर्ण उघडा आणि चौकटीच्या पुढच्या कडेला पत्रा चुरगळलाय का ते बोटाने चाचपा. दार बंद केल्यावर फट वर-खाली सारखी आहे का पाहा. आधीच्या कुणाचं दार वाऱ्याने उलटलं असेल तर ते इथेच कळतं, आणि इथे नोंद झाली नाही तर ते तुमच्या नावावर चढतं.

विम्यात खडी लागण्याचं आणि वाळू-राखेचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. दोन्ही घ्यावीत. मिर्दाल्ससांदुर आणि स्केइदारार्सांदुर ही काळ्या वाळूची मैदानं वादळात गाडीचा रंग घासून काढतात, काच दुधी करून टाकतात. पण वाऱ्याने दार मोडलं, नदी ओलांडताना पाणी शिरलं, खालून तळ घासला, हे बहुतेक करारांत कुठल्याच विम्यात बसत नाही. एफ अक्षराने सुरू होणारे डोंगरी रस्ते फक्त फोर-व्हील ड्राइव्हसाठी आहेत. साधी व्हॅन तिथे नेली की विमा संपला. नकाशाचं अॅप मात्र जवळचा म्हणून तोच रस्ता दाखवतं.

दाराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला असतात. वारा समोरून असेल तर तो दार दाबून धरतो. मागून असेल तर दार कडीतून सुटताच पंख्यासारखं उलटं फेकलं जातं, बिजागरी वाकते आणि पुढचा पत्रा चेपतो. म्हणून गाडी थांबवताना नेहमी तोंड वाऱ्याकडे. पार्किंगच्या रेघा काहीही सांगोत. वारा कुठून आहे ते गवत, झेंडा किंवा डबक्यावरची लाट बघून कळतं. मग काच दोन बोटं खाली करायची, एक हात दाराच्या वरच्या कडेवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने कडी ओढायची. दोन्ही दारं एकाच वेळी कधीच उघडायची नाहीत. आरपार झोत शिरतो आणि पावती, नकाशा, टोपी सगळं लाव्हावर पसरतं. दोघांत एक ठरलेली बोली असावी: "दार?" "धरलंय." एवढं झाल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. बाजूचं सरकतं दार सगळ्यात सुरक्षित. मागचं वर उघडणारं दार सगळ्यात धोक्याचं, कारण त्याचे दांडे जोराच्या झोतात टिकत नाहीत.

रात्रीही तोंड वाऱ्याकडेच. आडवी लावलेली व्हॅन रात्रभर होडीसारखी हलते. तोंड वाऱ्याकडे असलं की मागची बाजू आडोशाला येते आणि तिथे भांडी घासता येतात.

गाडी डावीकडच्या स्टिअरिंगची, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणारी. गिअर उजव्या हाताला. याची सवय अर्ध्या तासात होते, पण इंडिकेटरची होत नाही. आपल्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे, तिथे डावीकडे. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर वायपर फिरतो. डांबरी रस्त्यावर 90, खडीवर 80, गावात 50. हेडलाइट दिवसाही चालू. दोन पदरी चौकगोलात, म्हणजे राउंडअबाउटमध्ये, आतल्या पदरातल्या गाडीला आधी बाहेर पडायचा हक्क असतो. हे आपल्याला उलटं वाटतं, म्हणून एकटे असाल तर बाहेरचा पदर धरून पहिल्या फाट्यालाच बाहेर पडा.

एकपदरी पूल अजून बरेच आहेत. फलकावर "एइन्ब्रेइद ब्रु" असं लिहिलेलं असतं. जो पुलाच्या जवळ आहे तो आधी जातो. पण समोरचा पर्यटक हे जाणतोच असं नाही, म्हणून वेग 50 वर आणून नजर समोरच्याच्या चाकांवर ठेवायची. "ब्लिन्दहाइद" म्हणजे चढामुळे पलीकडचं न दिसणारी टेकाडं, तिथे उजवी कड धरायची. रस्त्याला साइडपट्टी जवळजवळ नाही. मेंढ्यांचा किंवा घोड्यांचा फोटो काढायला रस्त्यातच थांबणारे लोक पावलोपावली भेटतात, त्यांच्यातले एक होऊ नका. मेंढ्यांचं एक लक्षात ठेवा: आई एका कडेला आणि कोकरू दुसऱ्या कडेला दिसलं की कोकरू धावणार, हे गृहीत धरायचं.

रिंग रोड 1974 साली पूर्ण झाला, तो स्केइदारार्सांदुरवरचा लांब पूल बांधून झाल्यावर. 1996 मध्ये वात्नायोकुल हिमनदीखाली उद्रेक झाला, बर्फ वितळून पाणी साठत गेलं आणि नोव्हेंबरमध्ये ते एकदम सुटलं. पुलाचे भाग वाहून गेले. त्यातले पीळ पडलेले लोखंडी गर्डर रस्त्याकडेला ठेवले आहेत. तिथे थांबून हात लावून बघावं, म्हणजे या देशात रस्ता बंदचा फलक लागला की हुज्जत का घालत नाहीत ते कळतं. विक गावाच्या वर मिर्दाल्सयोकुलच्या बर्फाखाली कात्ला ही ज्वालामुखी आहे. तिचा मोठा उद्रेक 1918 चा. तिच्यामुळे येणारा पूर मिर्दाल्ससांदुरवरून जातो. म्हणून त्या पट्ट्यात फोन बंद ठेवायचा नाही. इशाऱ्याचा संदेश फोनवर येतो, आणि तो आला की वाळूचं मैदान सोडून उंचावर जायचं.

विमानतळाजवळचा रेक्यानेस द्वीपकल्प 2021 पासून पुन्हा जागा झाला आहे. ग्रिंदाविक गाव 10 नोव्हेंबर 2023 ला रातोरात रिकामं केलं गेलं, आणि त्या डिसेंबरपासून तिथे एकामागून एक उद्रेक होत गेले. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या दिवशी त्या भागातले बंद रस्ते आणि वायूची पातळी बघूनच निघावं. काचेवर राख बसली असेल तर कोरडा वायपर अजिबात फिरवू नका. ही राख म्हणजे काचेचाच चुरा असतो. आधी भरपूर पाणी ओतायचं, मग वायपर.

मुक्काम कॅम्पसाइटवरच. रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये व्हॅन लावून झोपायला 2015 पासून कायद्याने मनाई आहे. बहुतेक साइट मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघड्या असतात. 28 रात्रींचं एक कॅम्पिंग कार्ड मिळतं, दोन मोठी माणसं आणि चार मुलांपर्यंत चालतं. पण सगळ्या साइट त्यात नाहीत आणि रात्रीचा कर वेगळा द्यावा लागतो. दोघांसाठी 10-11 रात्रींत फायदा होतोच असं नाही. आधी वाटेवरच्या कोणत्या साइट यादीत आहेत ते मोजा. स्कोगाफॉससमोरची साइट सुंदर, पण धबधब्याचे तुषार आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. स्काफ्ताफेलची मोठी आणि नीट. मिवात्नला तळ्याकाठी चिलटं असतात. तोंडावर घालायची जाळी चाळीस ग्रॅमची, पण तिच्याविना चहा पिता येत नाही.

हीटर हा व्हॅनचा जीव. जूनमध्येही रात्री पारा 5 अंशांच्या आसपास येतो. हीटर गाडीच्याच टाकीतलं डिझेल जाळतो. दोन किलोवॅटचा असेल तर तासाला साधारण 0.12 ते 0.24 लिटर, म्हणजे आठ तासांच्या रात्रीत एक ते दोन लिटर. पण त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत जात नाही. टाकी पावाच्या खाली गेली की हीटरला डिझेल मिळेनासं होतं आणि तो पहाटे तीनला बंद पडतो. गाडी मात्र व्यवस्थित चालत असते, म्हणून लोक यंत्र बिघडलं समजतात. दुसरं कारण बॅटरी. सुरू होताना आतली प्लग तापायला काही मिनिटं बराच करंट खाते, चालू झाल्यावर फार थोडा. त्यामुळे "गरम झालं, बंद कर, गार झालं, चालू कर" हा खेळ झोपायच्या भागासाठीची जादा बॅटरी संपवतो. कमी तापमानावर सलग चालू ठेवणं स्वस्त पडतं. दिवसभरात किमान दोन-तीन तास गाडी चालली पाहिजे, नाहीतर बॅटरी भरत नाही. वादळात दोन दिवस एकाच जागी अडकलात तर विजेची जोडणी असलेली जागा घ्या. बंद केल्यावर हीटर दोन-तीन मिनिटं पंखा फिरवून स्वतःला थंड करतो, तेव्हा मुख्य स्विच पाडू नका.

दोघांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रीत अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत जातं. ते पत्र्यावर जमतं आणि सकाळी गादीच्या कडेला टपकतं. थंडी वाजते म्हणून सगळ्या काचा बंद करणारे लोक ओल्या पांघरुणात उठतात. हीटर चालू आणि एक काच बोटभर उघडी, हेच बरोबर. गॅसची शेगडी ऊब यावी म्हणून कधीही पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओले बूट आणि टॉवेल पुढच्या सीटवर ठेवा, झोपायच्या भागात नको.

स्वयंपाकाला नळकांड्याचा गॅस. नुसत्या ब्युटेनचं नळकांडं थंडीत मरतं, शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही. प्रोपेन मिसळलेलं घ्या. विमानात नळकांडी चालत नाहीत. पण मोठ्या कॅम्पसाइटवर परतणाऱ्या लोकांनी सोडलेल्या अर्धवट नळकांड्यांचा फडताळ असतो, तिथे आधी बघा. 450 ग्रॅमचं एक आम्हाला आठवडाभर पुरलं, तेही दोन लिटरचा छोटा कुकर सोबत होता म्हणून. डाळ सकाळी झाकणाच्या बरणीत भिजत घालायची. दिवसभर गाडी हलत राहते, संध्याकाळी दोन शिट्ट्यांत काम होतं. पोहे, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला घरून. तूप, पेढे असे दुधाचे पदार्थ नेऊ नयेत, युरोपाबाहेरून ते आणायला मनाई आहे. भाजी-दुधाला बोनुस किंवा क्रोनान ही सुपरमार्केटं. तिथलं स्किर म्हणजे आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ. साखर-वेलची फेटली की श्रीखंड, थोडं पाणी घालून कोशिंबिरीला. त्यात रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं विरजण, असू शकतं, कडक शाकाहारी असाल तर डब्यावरचं वाचा. टोमॅटो-काकडी भूऔष्णिक उष्णतेवरच्या काचघरांतली, चव चांगली. आणि फोडणी व्हॅनच्या आत करू नका. हिंगाचा वास गादीत अकरा दिवस राहतो. बाहेर वारा ज्योत टिकू देत नाही, तेव्हा साइटच्या स्वयंपाकघरात जा.

थंड नळाचं पाणी कुठेही थेट प्यायचं, बाटल्या विकत घेणं वेडेपणा. गरम नळाचं पाणी बऱ्याच ठिकाणी जमिनीतून येतं आणि त्याला उकडलेल्या अंड्याचा वास असतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. अंघोळीला चालतं, चहाला नाही. जोडवी, पैंजण, चांदीचं काहीही आधी काढून ठेवा, एका अंघोळीत काळं पडतं. सोन्याला काही होत नाही.

अंघोळ साइटपेक्षा गावच्या जलतरण तलावावर बरी. छोट्या गावातही तलाव आणि गरम पाण्याचे कुंड असतात. नियम एकच, पण कडक: पाण्यात उतरण्यापूर्वी पोहण्याचा पोशाख न घालता, साबणाने, सगळ्यांसमोरच्या शॉवरखाली अंघोळ. स्त्री-पुरुषांची सोय वेगळी असते. लाजून ओला पोशाख घालून आत गेलात तर कर्मचारी परत पाठवतात. पहिल्या दिवशी अवघड जातं, तिसऱ्या दिवशी कुणी कुणाकडे बघत नाही हे लक्षात येतं.

डिझेल भरताना बऱ्याच पंपांवर माणूस नसतो. चिप आणि चार आकडी पिन असलेलं कार्ड लागतं. "टाकी पूर्ण" निवडलं की कार्डावर मोठी रक्कम काही दिवस अडकते, म्हणून ठरावीक रकमेचं बटण दाबावं. नळीवर "डीसेल" वाचूनच हात घाला, "बेन्सिन" म्हणजे पेट्रोल. आमची व्हॅन शंभर किलोमीटरला साडेसात लिटर खायची. समोरून वारा असला की दहा. मिवात्न ते एगिल्सस्टाडिर सुमारे 165 किलोमीटर ओसाड आहे, अलीकडेच टाकी भरून निघा.

आकुरेरीजवळचा वाद्लाहेइदी बोगदा 7.4 किलोमीटरचा आहे आणि टोलनाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो, पैसे 24 तासांत ऑनलाइन भरायचे. विसरलात तर बिल भाड्याच्या कंपनीकडे आणि तिथून दंडासह तुमच्या कार्डावर. घाटातून वळसा घेतला तर सुमारे 16 किलोमीटर जास्त, पण फुकट, आणि हवा चांगली असेल तर दृश्य बोगद्यापेक्षा अर्थातच बरं. प्रसिद्ध धबधब्यांच्या पार्किंगलाही हीच कॅमेऱ्याची पद्धत.

ठिकाणांबद्दल फार सांगत नाही. रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करू नये, अचानक एक लाट दुप्पट आत येते. तिथले षटकोनी बेसाल्टचे खांब बघताना अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवते, दगड एकाच जातीचा. फरक वयाचा: आपला दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, यांचा सगळ्यात जुना खडक दीड-पावणेदोन कोटींच्या आतला. एल्दह्रॉइनच्या लाव्हावर, म्हणजे 1783-84 च्या लाकीच्या उद्रेकाच्या पठारावर, जाड राखाडी शेवाळ आहे. त्यावर पाऊल ठेवायचं नाही, ठसा कित्येक वर्षं भरून येत नाही. भांड्याचं पाणीही तिथे ओतायचं नाही. हवेरिरला उकळत्या चिखलाजवळ फिकट रंगाची जमीन पोकळ असते, दोरीच्या आतच चाला. तिथला चिकट चिखल बुटांसकट व्हॅनमध्ये आला की गंधकाचा वासही मुक्कामाला येतो.

वाऱ्याशी खेळताना जूनअखेरीचा एक हुकमी पत्ता हातात असतो. तेव्हा रात्र होतच नाही. दुपारी 17 चा वारा असेल तर साइटवर झोप काढा. बऱ्याचदा संध्याकाळनंतर तो पडतो. नऊला निघून साडेअकरापर्यंत उजेडात शांतपणे 150 किलोमीटर होतात, रस्ता रिकामा मिळतो. फक्त दुपारची झोप खरोखर झालेली हवी. झोपताना जाड पडदे ओढा, नाहीतर तीनला ऊन डोळ्यांवर येतं.

परत करताना टाकी भरून, सांडपाणी साइटवरच्या ठरलेल्या जागी ओतून, उरलेलं नळकांडं फडताळात ठेवून जायचं. केफ्लाविक विमानतळाजवळ गाडी धुवायला अर्धा तास ठेवा. मातीखाली ओरखडा आहे की नाही हा वाद टळतो. तपासणारा माणूस किलोमीटर नंतर बघतो. आधी तो पुढचं दार पूर्ण उघडतो आणि चौकटीच्या कडेवरून अंगठा फिरवतो.